गिटारसाठी कॅपो आणि स्लाइडची निवड कशी करावी

गोव्यात गिटार वाजवणाऱ्याला सहसा एकाच प्रकारच्या संगीतावर भागवता येत नाही. चवथीच्या दिवसांत शेजारच्या घरी आरत्या आणि भजने असतात, देवळाच्या उत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरतो, लग्नाच्या हॉलमध्ये कोकणी गाण्यांची फर्माईश होते आणि मांडो हा गोव्याचा कोकणी गीतप्रकार सुरू झाला की घुमट व व्हायोलिन यांच्या जोडीला गिटार लागतेच. प्रत्येक ठिकाणी गायक बदलतो आणि गायकाबरोबर पट्टी बदलते. पट्टी बदलण्यासाठी कॅपो, म्हणजे गिटारच्या दांड्यावर तारा दाबून धरणारी पकड, लागतो, तर गळ्यातून निघणारी मींड तारेवर आणायची असेल तर स्लाइड, म्हणजे बोटात घालायची नळी, लागते. दोन्ही वस्तू लहान आहेत आणि बहुतेक जण त्या गिटार घेताना दुकानदार देईल त्या घेतात. परंतु तारेची लांबी, म्हणजेच सूर, ठरवण्याचे काम याच वस्तू करतात, त्यामुळे चुकीची वस्तू हातात आली तर चांगली गिटारही बेसूर वाटते. म्हणून कंपनीचे नाव विचारण्याआधी गिटारची आणि स्वतःच्या बोटाची मापे घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गायकाची पट्टी आणि कॅपोचा हिशेब

आपल्याकडचा गायक किंवा भजनी मंडळातला पेटीवादक इंग्रजी अक्षरांत बोलत नाही. तो “काळी दोन” किंवा “पांढरी चार” असे सांगतो. पेटीवरची पांढरी एक म्हणजे गिटारवादकाचा सी. तेथून वर जाताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने मोजल्या की प्रत्येक पट्टी अर्ध्या सुराने चढते, आणि गिटारवरचा प्रत्येक फ्रेट, म्हणजे दांड्यावरची आडवी धातूची पट्टी, हाही अर्ध्या सुरानेच चढतो. म्हणजे पेटीवर जितक्या पट्ट्या पुढे, तितके फ्रेट वर कॅपो, इतका हा सरळ हिशेब आहे.

पुरुष गायक अनेकदा काळी एक ते काळी दोन या टप्प्यात गातात. काळी एक म्हणजे सी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी चे शेप, म्हणजे त्या पट्टीतल्या कॉर्डसाठी बोटांची ठेवण, धरले, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून ए चे शेप धरले, तरी तीच पट्टी मिळते. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर डी चे शेप किंवा तिसऱ्या फ्रेटवर सी चे शेप चालतात. स्त्री गायिकांसाठी काळी चार आणि काळी पाच या पट्ट्या वारंवार लागतात. काळी चारला पहिल्या फ्रेटवर जी किंवा चौथ्या फ्रेटवर ई, आणि काळी पाचला पहिल्या फ्रेटवर ए किंवा तिसऱ्या फ्रेटवर जी. काळी तीन, म्हणजे एफ शार्प, ही बॅरे कॉर्डशिवाय (एकाच बोटाने आडव्या तारा दाबणाऱ्या कॉर्डशिवाय) उघड्या तारांवर वाजवणे जवळजवळ अशक्य असते. तेथे दुसऱ्या फ्रेटवर ई चे शेप किंवा चौथ्या फ्रेटवर डी चे शेप हाच उपाय आहे.

एकाच पट्टीसाठी दोन जागा उपलब्ध असतील तेव्हा कोणती निवडावी, हे साथीच्या स्वरूपावरून ठरते. खालच्या क्रमांकाच्या फ्रेटवर लावलेल्या कॅपोमुळे खर्ज भरीव राहतो, म्हणून गिटार एकटीच साथीला असेल तर ती जागा बरी. दोन गिटार असतील तर एकीने उघड्या जी मध्ये आणि दुसरीने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डी च्या शेपमध्ये वाजवावे; दोन्ही जी मध्येच असतात, पण त्यांचे सूर वेगवेगळ्या उंचीवर बसतात आणि साथ दाट होते. सातव्या फ्रेटच्या वर कॅपो नेल्यास अकूस्टिक गिटारचा आवाज पातळ होतो आणि सुराच्या लहानसहान चुका मोठ्या ऐकू येतात.

या हिशेबाचा संबंध खरेदीशीही आहे. पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंत सतत जागा बदलणाऱ्या वादकाला एका हाताने झटकन निघणारा कॅपो सोयीचा पडतो. एकाच गायकाबरोबर संपूर्ण मैफल एकाच पट्टीत वाजवणाऱ्याला वेगापेक्षा अचूकपणा महत्त्वाचा असतो. आपण या दोहोंपैकी कोण, हे आधी ठरवावे.

फिंगरबोर्डची गोलाई घरच्या घरी मोजणे

कॅपो एखाद्या गिटारवर नीट बसतो आणि दुसरीवर तारा खरखरतात, याचे सर्वांत मोठे कारण फिंगरबोर्डची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीची, गोलाई हे आहे. स्पॅनिश पद्धतीच्या नायलॉन तारांच्या गिटारचा फिंगरबोर्ड बहुधा सपाट असतो. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारचा किंचित गोल असतो; मार्टिन कंपनीच्या गिटारवर ही गोलाई साधारणपणे १६ इंच त्रिज्येची असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये गिब्सनची १२ इंच, आधुनिक फेंडरची ९.५ इंच, तर जुन्या धाटणीच्या फेंडरची ७.२५ इंच असते. आकडा जितका लहान, तितका फिंगरबोर्ड जास्त गोल.

सपाट दांडीचा कॅपो गोल फिंगरबोर्डवर लावला की मधल्या तिसऱ्या-चौथ्या तारांवर भार येतो आणि कडेच्या पहिल्या व सहाव्या तारा सैल राहून खरखरतात. उलट, गोल दांडीचा कॅपो सपाट फिंगरबोर्डवर लावल्यास कडेच्या तारा दबतात आणि मधल्या सुटतात. लोक अशा वेळी स्प्रिंग आणखी कडक असावी असे समजून जास्त जोराचा कॅपो घेतात. त्यामुळे खरखर थांबते खरी, पण दाबल्या गेलेल्या तारा चढतात.

गोलाई मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एक न ताणणारा दोरा, एक पेन्सिल आणि जाड पुठ्ठा घ्यावा. दोऱ्याचे एक टोक टाचणीने रोवून ३०५ मिलिमीटर अंतरावर पेन्सिलीने कंस काढावा. ही झाली १२ इंचांची गोलाई. तसेच २४१ मिलिमीटरवर ९.५ इंचांचा, १८४ मिलिमीटरवर ७.२५ इंचांचा आणि ४०६ मिलिमीटरवर १६ इंचांचा कंस मिळतो. पुठ्ठा कंसावर नीट कापून त्याची खोलगट कड, तारा सैल करून बाजूला घेतल्यावर, पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या आसपास फिंगरबोर्डवर आडवी टेकवावी आणि मागून उजेड धरावा. ज्या पुठ्ठ्याखालून उजेडाची फट दिसत नाही, ती आपल्या गिटारची गोलाई. तो पुठ्ठा खिशात घालून दुकानात जावे, म्हणजे कॅपोच्या रबरी पट्टीशी तो पडताळून पाहता येतो.

नेकची, म्हणजे गिटारच्या दांड्याची, रुंदीही पाहावी. नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तेथे, इलेक्ट्रिक गिटार सुमारे ४२ मिलिमीटर, स्टीलच्या तारांची अकूस्टिक सुमारे ४३ ते ४४, आणि नायलॉनची जवळपास ५२ मिलिमीटर रुंद असते. अकूस्टिकसाठी बनवलेला कॅपो नायलॉनच्या गिटारवर शेवटच्या तारेपर्यंत पोहोचतोच असे नाही. बारा तारांच्या गिटारला एकाच जागी जाड व बारीक तारांची जोडी दाबायची असते, तेथे त्यासाठीच बनवलेला कॅपो घ्यावा.

कॅपोचे प्रकार

बाजारात सर्वाधिक खपतो तो स्प्रिंगचा, चिमट्यासारखा दाबून उघडणारा कॅपो. कायझर आणि डनलॉप यांचे असे कॅपो सर्वत्र दिसतात आणि त्यांच्या नकलाही तितक्याच दिसतात. त्याचा मोठा गुण वेग. तो दोन गाण्यांच्या मध्ये एका हाताने काढून लावता येतो. दोष असा की स्प्रिंगचा जोर ठरलेला असतो, तो वादकाला कमी-जास्त करता येत नाही. नेक वर जाताना जाड होत जातो, स्प्रिंग अधिक उघडावी लागते आणि दाब वाढतो. अकूस्टिकवरच्या १२-५३ मापाच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशांत) जाड तारा हा दाब सहन करतात. इलेक्ट्रिकवरच्या ९-४२ किंवा १०-४६ मापाच्या तारा बारीक असतात, शिवाय इलेक्ट्रिकचे फ्रेट अनेकदा उंच असतात; त्यामुळे तार फ्रेटच्या मागे लाकडाकडे जास्त वाकते आणि सूर चढतो. अकूस्टिकसाठीचा कडक स्प्रिंगचा कॅपो इलेक्ट्रिकवर वापरू नये, हे मी ठामपणे सांगेन.

दुसरा प्रकार खटक्याचा. शब या कंपनीचा कॅपो याचा परिचित नमुना आहे. त्यात एक लहान स्क्रू असतो. तो फिरवून दाब ठरवायचा आणि मग खटका बंद करायचा. दाब अगदी नेमका ठेवता येतो. मात्र पहिल्या फ्रेटवरून पाचव्यावर गेले की स्क्रू पुन्हा थोडा सैल करावा लागतो. तिसरा प्रकार पूर्णपणे स्क्रूवर चालणारा. तो सावकाश आवळला जातो आणि तारेचा आवाज स्वच्छ येतो त्या क्षणी थांबता येते. इलेक्ट्रिकसाठी आणि रेकॉर्डिंगसाठी मला हा सर्वांत भरवशाचा वाटतो. हाताने दाबताच बसणारा आणि नेकच्या जाडीशी आपोआप जुळणारा जी सेव्हन्थ सारखा कॅपोही मिळतो. तो चांगला असतो, पण पहिल्याच खरेदीत इतका खर्च करण्याची गरज नाही.

इलॅस्टिकच्या पट्ट्याचा कॅपो स्वस्त असतो, पण ते इलॅस्टिक येथील दमट हवेत लवकर ढिले पडते. फ्लामेंको वादक वापरतात तो लाकडी खुंटीचा कॅपो नायलॉनच्या गिटारवर फार सुंदर काम करतो, मात्र तो स्टीलच्या तारांसाठी नाही.

अर्ध्या कॅपोचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण त्याचा उपयोग आपल्याकडे फारसा केला जात नाही. हा कॅपो फक्त पाचवी, चौथी आणि तिसरी अशा तीन तारा दाबतो. दुसऱ्या फ्रेटवर लावल्यास सहाव्या तारेपासून ई, बी, ई, ए, बी, ई असे सूर मिळतात. यात गंधार नाही. फक्त षड्ज, पंचम आणि मध्यम आहेत. तानपुऱ्यासारखा आधार हवा असलेल्या भजनाला किंवा अभंगाला ही साथ उत्तम शोभते, कारण गायकाचा गंधार कोमल असो वा शुद्ध, गिटार त्याच्या आड येत नाही.

दुकानात कॅपो पारखण्याची रीत

पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात कॅपो घ्यायला जाताना स्वतःची गिटार सोबत न्यावी. दुकानातल्या गिटारवर कॅपो किती छान बसतो याला काहीच अर्थ नाही. क्लिपचा ट्यूनर (सूर दाखवणारे यंत्र) हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, लावून सहाही तारा उघड्या सुरात नीट मिळवाव्यात. मग कॅपो दुसऱ्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीला जवळजवळ लागून, पण तिच्यावर न चढवता, मागच्या म्हणजे हेडस्टॉकच्या बाजूला लावावा. तो फ्रेटला समांतर असला पाहिजे. आता एकेक तार सावकाश छेडून ट्यूनरचा काटा पाहावा.

प्रत्येक तार किंचित चढेल, हे स्वाभाविक आहे. पाहायचे असते ते किती चढते आणि सगळ्या तारा सारख्या चढतात का. अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पहिली तार उघडी असताना ३२९.६ हर्ट्झवर असते. त्या उंचीवर पाच सेंटचा फरक म्हणजे जवळपास एक हर्ट्झ, आणि तोच सूर पेटीवर धरला तर दर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. भजनाच्या संथ लयीत हा हेलकावा कानाला टोचतो. दोन-तीन सेंटपर्यंतचा सारखा चढ ट्यूनरने दुरुस्त करता येतो. एखादी तार दहा सेंट चढली आणि शेजारची एकच, तर तो कॅपो परत द्यावा. हीच परीक्षा पाचव्या फ्रेटवरही घ्यावी, कारण दुसऱ्या फ्रेटवर उत्तीर्ण होणारे अनेक कॅपो तेथे नापास होतात.

खरखर पाहताना जोराने झंकार न करता प्रत्येक तार अंगठ्याने वेगळी छेडावी. रबराला नखाने दाबून पाहावे. ते कडक पण जिवंत असावे. फार मऊ रबरात काही महिन्यांतच तारांच्या खाचा पडतात, आणि खाच पडली की तार प्रत्येक वेळी त्याच खाचेत ओढली जाऊन बाजूला सरकते. शेवटी, पेटीबरोबर वाजवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या पेटीचे सूर ४४० हर्ट्झच्या (ए या सुराच्या) प्रमाण मापाशी तंतोतंत जुळतातच असे नाही. आधी कॅपो लावावा, पेटीवादकाला षड्ज धरायला सांगावा आणि गिटार त्या षड्जाला मिळवावी. ट्यूनरचा मूळ आकडा त्यानुसार ४३८ किंवा ४४२ असा बदलून घेता येतो.

स्लाइड: कोणत्या बोटात आणि केवढी

स्लाइड ही बोटात घालायची नळी. ती तारेवर अलगद ठेवली जाते, तार फ्रेटपर्यंत दाबली जात नाही, म्हणून सूर पायऱ्यांनी न जाता सलग सरकतो. हिंदुस्थानी संगीतात विचित्र वीणेवर काचेचा बट्टा हेच काम पूर्वापार करत आला आहे, त्यामुळे मींड ऐकत वाढलेल्या कानाला स्लाइड परकी वाटत नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी स्लाइडच्या गिटारवर रागसंगीत मांडले आणि विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये राय कूडर या अमेरिकी स्लाइडवादकाच्या जोडीने ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या दोन परंपरा एकाच ध्वनिमुद्रणात भेटलेल्या होत्या.

करंगळीत स्लाइड घातली तर उरलेल्या तीन बोटांनी कॉर्ड धरता येतात. साथ करणाऱ्याने हीच सवय लावावी. अनामिकेत घातली तर पकड भक्कम राहते आणि मागची बोटे तारा दाबून धरायला मोकळी राहतात; ड्युएन ऑलमन हा अमेरिकी स्लाइडवादक अनामिकेत औषधाची काचेची बाटली घालून वाजवत असे. बॉनी रेट ही अमेरिकी वादक मधल्या बोटात घालते. तर्जनीत घालू नये, कारण स्लाइडच्या मागे तारांवर हलकेच टेकवायला बोटच उरत नाही आणि मागच्या बाजूचा भुताटकीसारखा आवाज बंद करता येत नाही.

माप घेताना बोटाच्या मधल्या पेऱ्याभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि ३.१४ ने भागावे. घेर ६० मिलिमीटर असेल तर आतला व्यास सुमारे १९ मिलिमीटर हवा. हे माप संध्याकाळी घ्यावे. येथील उष्ण आणि दमट हवेत सकाळ-संध्याकाळ बोटाचा घेर बदलतो, आणि मंचावरच्या दिव्यांखाली तर तो आणखी वाढतो. हात खाली झटकल्यावर स्लाइड पडता कामा नये, पण काढताना ओढाताणही होऊ नये. किंचित सैल असेल तर आत पातळ चामड्याची पट्टी बसवता येते. घट्ट स्लाइडला इलाज नाही.

लांबीच्या बाबतीत साठ ते सत्तर मिलिमीटरची स्लाइड सहाही तारा झाकते. फक्त वरच्या दोन-तीन तारांवर सुरावट वाजवायची असेल तर आखूड स्लाइड अधिक चपळ. नवशिक्याने पूर्ण लांबीचीच घ्यावी, कारण फ्रेटला समांतर कशी धरायची हे तिच्यावरच शिकता येते.

काच, पितळ, पोलाद आणि चिनी माती

वजन हा स्लाइडच्या स्वभावाचा पाया आहे. ६५ मिलिमीटर लांब, आतून २० मिलिमीटर व्यासाची आणि ४ मिलिमीटर जाड भिंतीची स्लाइड बोरोसिलिकेट काचेची असेल तर तिचे वजन सुमारे ४५ ग्रॅम भरते. तीच पितळेची केली तर सुमारे १६५ ग्रॅम. एवढा फरक बोटाला तर जाणवतोच, तारेलाही जाणवतो.

जड स्लाइडखाली तार स्थिर राहते, आवाज लांबतो आणि ठसठशीत येतो. अकूस्टिक गिटारला आवाज वाढवणारा अँप्लिफायर नसतो, तारा जाड असतात, म्हणून तेथे पितळ किंवा जाड भिंतीची काच शोभते. इलेक्ट्रिकवर तारा बारीक आणि खाली असतात. जड पितळ त्या फ्रेटवर आदळवते आणि ठकठक पिकअपमधून (तारेचा आवाज विजेच्या रूपात पकडणाऱ्या भागातून) मोठी होऊन ऐकू येते. तेथे मध्यम जाडीची काच घ्यावी. काचेचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने गुंडाळलेल्या जाड तारांवरून सरकताना खसखस कमी होते आणि सूर गोल येतो. क्रोम चढवलेले पोलाद चकचकीत, धारदार आवाज देते. पितळ कालांतराने काळवंडते आणि त्यावर बारीक ओरखडे पडून थोडी खरखरीत पकड येते. काहींना तोच आवाज हवा असतो.

आतून झिलई न दिलेली चिनी मातीची स्लाइड घाम शोषून घेते, म्हणून ती येथील उन्हाळ्यात बोटावरून निसटत नाही. बाहेरून ती काचेइतकी गुळगुळीत आणि काचेपेक्षा किंचित भरीव आवाजाची असते. मिळाली तर जरूर घ्यावी. पडली तर मात्र फुटते.

एकच स्लाइड घ्यायची असेल तर मध्यम जाडीच्या काचेची घ्यावी, कारण ती अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक या दोन्हींवर चालते. घेताना तिची दोन्ही टोके बोटाने फिरवून पाहावीत. कड गोल घासलेली असावी. नळी टेबलावर आडवी ठेवून गडगडवावी. ती डगमगत किंवा वळत गेली तर तिचा आकार सरळ नाही आणि सहा तारा एकाच वेळी सुरात येणार नाहीत.

जुन्या वादकांनी बाटलीचे गळे कापून स्लाइड केल्या, आणि गोव्यात बाटल्यांना तोटा नाही, म्हणून हा मोह होतोच. बुचाच्या वाइनच्या बाटलीच्या तोंडाशी आतला व्यास साधारणपणे १८.५ मिलिमीटर असतो आणि खाली तो थोडा वाढतो, तेव्हा आधी बोट मोजावे. बऱ्याच बाटल्यांचा गळा निमुळता असतो. तोंडाच्या कड्याखाली निदान ५० मिलिमीटर सरळ भाग असलेली बाटलीच कामाची. काच कापण्याचे काम डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून करावे, आणि कड घासताना सिलिकॉन कार्बाइडचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा, कारण काचेची कोरडी धूळ फुफ्फुसांना घातक असते. १२० क्रमांकाच्या कागदाने सुरुवात करून ४०० आणि ६०० पर्यंत जावे. लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

स्लाइडसाठी गिटारची तयारी, आणि कॅपोशी तिचे नाते

बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर ते सुमारे १.६ मिलिमीटर असते. एवढ्यावर स्लाइड फ्रेटला लागते. ते २.४ मिलिमीटरच्या आसपास नेले तर स्लाइड आणि बोटे दोन्ही चालतात. अकूस्टिकवर बहुधा आधीच तेवढी उंची असते. पहिली तार किमान ०.०११ इंच जाडीची ठेवली तर स्लाइडच्या वजनाखाली ती खचत नाही.

स्लाइड फ्रेटच्या मागे न ठेवता थेट फ्रेटच्या पट्टीच्या माथ्यावर धरायची असते. बसलेल्या वादकाचा डोळा तिरका असल्याने तो अनेकदा काही मिलिमीटर मागेच थांबतो आणि सूर उतरलेला येतो; आरंभी ट्यूनर समोर ठेवून एकेक स्वर तपासावा.

स्लाइडसाठी तारा बहुधा उघड्या कॉर्डमध्ये मिळवतात. ओपन जी मध्ये सहाव्या तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी आणि ओपन डी मध्ये डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. या दोन्हींत काही तारा नेहमीपेक्षा उतरवल्या जातात, चढवल्या जात नाहीत, म्हणून गिटारवर ताण येत नाही. ओपन ई आणि ओपन ए मध्ये मात्र तारा चढवाव्या लागतात. जाड तारांच्या अकूस्टिकवर, विशेषतः जुन्या गिटारवर, हा ताण देऊ नये. ओपन डी मध्ये मिळवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की ओपन ई मिळते, आणि ओपन जी वर दुसऱ्या फ्रेटला लावला की ओपन ए. गायकाच्या पट्टीचा हिशेब येथेही तोच: ओपन डी वर पहिल्या फ्रेटला कॅपो म्हणजे काळी दोन, ओपन जी वर पहिल्याला म्हणजे काळी चार, तिसऱ्याला म्हणजे काळी पाच.

एक अडचण मात्र लक्षात घ्यावी. कॅपो तारांना फ्रेटपर्यंत खाली आणतो, म्हणून त्याच्या लगतच्या दोन-तीन फ्रेटवर स्लाइड चटकन फ्रेटला लागते. तेथे बोटांनी वाजवावे आणि स्लाइड वरच्या सप्तकासाठी राखावी.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारचा विचार वेगळा आहे. तेथे नटवर उंच पट्टी बसवून तारा बऱ्याच वर उचललेल्या असतात आणि नळीऐवजी भरीव पोलादी बार हातात धरतात. रागसंगीत वाजवण्याचा ज्यांचा मानस आहे त्यांनी या पद्धतीकडेच जावे. नेहमीचा कॅपो तेथे बसत नाही.

पावसाळ्यातील निगा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात अकूस्टिकच्या वरच्या फळीचे लाकूड ओलावा शोषून फुगते, ब्रिज, म्हणजे तारा बांधलेली पट्टी, किंचित वर उचलला जातो आणि तारांची उंची वाढते. उन्हाळ्यात नेमका बसवलेला कॅपोचा दाब पावसाळ्यात तारा चढवू लागतो. खटक्याच्या किंवा स्क्रूच्या कॅपोचा दाब अशा वेळी पुन्हा जुळवता येतो, आणि येथे राहणाऱ्याने स्प्रिंगपेक्षा या प्रकारांना झुकते माप द्यावे याचे हेही एक कारण आहे.

समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने स्प्रिंग आणि खिळे गंजतात. कॅपो आणि धातूची स्लाइड वाजवून झाल्यावर सुक्या सुती कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावी. पुडी अधूनमधून तव्यावर किंवा उन्हात सुकवून पुन्हा वापरता येते. कॅपो नेकवर किंवा हेडस्टॉकवर रात्रभर लावून ठेवू नये. नायट्रोसेल्युलोज लाखेच्या पॉलिशवर काही रबरांचे कायमचे डाग उमटतात आणि तारांवरही एकाच जागी दाब राहतो. कॅपोच्या रबरात नखाला लागेल इतकी खाच पडली की रबर बदलावे. चांगल्या कंपन्या सुटे रबर विकतात. कॅपो घेतानाच ते वेगळे मिळते का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.